सतारां आणि बाई

चंडीमंदिरला राहायला गेलो त्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवसाची गोष्ट. सन 2000, जून महिना. आई मला घेऊन कालका रस्त्यावर बसची वाट बघत उभी होती. ऊन असं, की डोक्यावरचा पदरसुद्धा तापून चटका देत होता. कालक्याकडून एक बस आली. दारात लोंबकळणारा कंडक्टर ओरडत होता, "सतारां, सतारां, सतारां!" आईनं माझा हात घट्ट धरला. दोन रात्री रेल्वेत काढून आम्ही सातारा मागं टाकून आलो होतो, आणि इथं शिवालिकच्या पायथ्याशी पगडीवाला एक माणूस आमच्या जिल्ह्याच्या नावानं हाका घालत होता. आई काही न विचारता बसमध्ये चढली. बसल्यावर माझ्या कानाशी लागून म्हणाली, "विचार की गं, ह्यो नक्की काय म्हणतोय."

पंजाबीत सतरा म्हणजे सतारां. चंदीगढचा बस अड्डा सेक्टर सतरामध्ये, म्हणून सगळ्या बसगाड्या सतारांला जायच्या. हे कळेपर्यंत आम्ही तिथं पोचलोही होतो. दुसरा धक्का पुढच्या आठवड्यात बसला. शेजारच्या क्वार्टरमधल्या बायका खरेदीला सेक्टर बावीसला जात, आणि बावीसला पंजाबीत म्हणतात बाई. गाडीत कंडक्टर "बाई? बाई?" करत आईपाशी आला आणि आईनं कमरेवर हात ठेवून त्याला मराठीतच विचारलं, "काय पायजे?" तो बिचारा तिकिटाची थप्पी हातात धरून तसाच उभा राहिला.

आकड्यांचं हे शहर मला फार आवडायचं. ल कॉर्बुझिएच्या आराखड्यात गल्ल्यांना नावं नाहीत, सेक्टरांना नंबर आहेत. आमच्या गावाकडं आळीला नाव असतं, नावामागं कुणाचं तरी भांडण असतं. इथं नुसता आकडा म्हणायचा आणि समोरच्यानं बाकीचं ओळखायचं. सतारां म्हटलं की कारंजी, दुकानं, आईस्क्रीम. बारा म्हटलं की पीजीआयचं रुग्णालय, आणि ऐकणारा लगेच आवाज उतरवून विचारणार, "कौन बीमार है?" तेरा नंबरचा सेक्टर मूळ आराखड्यात नव्हताच. 2020 मध्ये मणिमाजऱ्याला तो आकडा मिळाला आणि ती खाच एकदाची बुजली. शाळेत आम्ही मुलं मात्र तेरा सेक्टरमध्ये भुतं राहतात असं एकमेकांना सांगायचो.

चंडीमंदिर या शहरात येत नाही. ते पंचकुला जिल्ह्यात, म्हणजे हरियाणात. सैन्याच्या पश्चिम कमांडचं मुख्यालय 1985 मध्ये सिमल्याहून इथं उतरलं आणि घग्गरच्या काठच्या या माळावर छावणी वसत गेली. चंदीगढला नाव मिळालं ते इथल्या चंडीदेवीच्या देवळावरून. देवीनं शहराला नाव दिलं आणि स्वतः वेशीबाहेर राहिली.

अण्णा, म्हणजे माझे वडील, सैन्याच्या सिग्नल कोअरमध्ये होते. जबलपूरला शिकून आलेले टेलिफोन एक्सचेंजचे ऑपरेटर. त्यांच्यामुळे आम्ही चंडीमंदिरला आलो, आणि मी आज ज्या कामावर पोट भरते ते कामही, आता मागं वळून बघते तर, त्यांच्याच घरातून आलेलं दिसतं.

पुण्यात नोकरीला लागले तेव्हा मी बावीस वर्षांची होते. पहिल्या दिवशी एका वरिष्ठानं एक छापील कागद हातात दिला आणि म्हणाला, "हे पाठ कर. पाढ्यांसारखं." कागदावर आकडे होते. 20, 21, 22, 23, 25, 53, 80, 110, 123, 143, 443 आणि पुढं बरेच. नेटवर्कमध्ये काम करणाऱ्याला हे पोर्ट नंबर झोपेतून उठवून विचारले तरी सांगता यायला हवेत. इतर मुलं पुटपुटत पाठ करत बसली. मी बावीस वाचलं, मनात 'बाई' म्हटलं, आणि मला हसू फुटलं.

आता हा पोर्ट म्हणजे काय, ते सांगायला हवं. यंत्राला पत्ता असतो, पण पत्ता आपल्याला इमारतीपर्यंतच नेतो. तहसील कचेरीच्या आवारात शिरलेल्या माणसाला विचारा. इमारत सापडणं सोपं, उत्पन्नाचा दाखला कुठल्या खिडकीवर मिळतो हे सापडण्यात दिवस जातो. एकाच यंत्रावर कुणी पत्रं घेत असतं, कुणी वेबपानं वाढत असतं, कुणी फायलींची ने-आण करतं, कुणी नुसती वेळ सांगतं. येणाऱ्यानं कुणाकडं जायचं? म्हणून खिडक्यांना आकडे. सोळा बिटांत मावतील तेवढे, 0 पासून 65,535 पर्यंत. 1,023 पर्यंतचे मानाचे. त्यांच्यावर बसायचं तर यंत्राच्या मालकाची खास परवानगी लागते, निदान जुन्या युनिक्स घराण्यातल्या यंत्रांवर तरी. तिथून 49,151 पर्यंतचे नोंदणी करून घेतलेले. त्यापुढचे कुणाच्याच नावावर नाहीत.

हे बेवारस आकडेच सगळ्यात जास्त वापरले जातात. तुम्ही एखादं संकेतस्थळ उघडता तेव्हा पलीकडचा आकडा ठरलेला असतो, 443. पण बोलायला तुमच्या यंत्रालाही स्वतःच्या बाजूनं एक आकडा लागतोच. तो त्या ढिगातून उचलायचा, काम झालं की टाकून द्यायचा. चंडीमंदिरच्या बाजारातला एसटीडी बूथ मला इथं हमखास आठवतो. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, म्हणून जवानांची आणि त्यांच्या बायकांची रांग लागायची. आई साताऱ्याला मामाच्या शेजाऱ्यांकडं फोन लावायची. त्यांचा नंबर तिला तोंडपाठ. आपण कुठल्या बूथवरून बोलतोय, त्याचा नंबर काय, हे तिला कधी माहीत नव्हतं आणि पलीकडच्यांनीही कधी विचारलं नाही. बूथवाला चिठ्ठी फाडून द्यायचा, ती बाहेरच्या नालीत पडायची.

फोनच्या त्या जगात आपल्यालाही काही आकडे अर्थासकट पाठ होतेच की. 100 म्हणजे पोलीस. 197 वर नाव सांगितलं की नंबर मिळायचा. नेटवर्कमध्ये हे 197 चं काम 53 करतो. आपण अक्षरांतलं नाव टाकतो आणि तो यंत्राला कळणारा आकडी पत्ता देतो. तो बंद पडला की सगळं जग बंद पडल्यासारखं वाटतं. जग जागेवरच असतं, फक्त कुणाचा पत्ता कुणाला सांगता येत नाही. 25 पत्रपेटी. 80 उघड्या पोस्टकार्डासारखा, 443 बंद पाकिटासारखा. हा दुसरा आकडा 1994 मध्ये नेटस्केपवाल्यांनी आणला आणि आज तुमचा बँकेचा सगळा व्यवहार त्यातून जातो. 123 घड्याळाचा. 2022 च्या एप्रिलमध्ये आपल्या सर्ट-इन या सरकारी संस्थेनं फर्मान काढलं, की सगळ्यांनी आपली घड्याळं एनआयसी किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवावीत. तेव्हा आमच्या कचेरीत या 123 साठी आठवडाभर धावपळ चालली होती.

आकड्याचं नाम होणं मराठी माणसाला नवं नाही. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, हे दोन कागद एका पानावर आले आणि सातबारा हा शब्द झाला. आता त्यातला सात कोणता आणि बारा कोणता हे जमीन विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही. चारशेवीसचंही तेच. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, फसवणुकीचं कलम 318 झालं. पण गावात कुणी कुणाला "लेका, तू तीनशे अठरा आहेस" म्हणाल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

तलाठ्याशिवाय सातबारा नाही, तसं पोर्टांच्या वहीलाही एक तलाठी होता. जॉन पोस्टेल. कॅलिफोर्नियातला लांब दाढीचा माणूस. 1972 साली त्यानं एका टिपणात सुचवलं, की हे आकडे कुणीतरी एकानं वाटून द्यावेत, आणि तो कुणीतरी मीच का, असं कंसात प्रश्नचिन्ह घालून विचारलं. कुणी नको म्हटलं नाही. तिथपासून 16 ऑक्टोबर 1998 ला, पंचावन्नाव्या वर्षी, तो गेला तोवर ही वही त्याच्याकडं होती. सोबतीला जॉइस रेनल्ड्स ही सहकारी. आकडा हवा असेल तर त्यांना पत्र टाकायचं. ना स्टँपपेपर, ना फेरफाराची नोटीस. जगभरच्या यंत्रांचा कारभार या दोघांच्या सचोटीवर चालला होता. कुठल्याही तलाठी सजात इतकं निवांत काम मी पाहिलेलं नाही.

त्या यादीतले जुने आकडे बघितले तर एक गंमत दिसते. 7, 9, 13, 17, 19, 21, 23, 25. बहुतेक सगळे विषम. याचं कारण असं, की पूर्वीच्या जाळ्यात एका संभाषणाला आकड्यांची जोडी लागायची, एक जायचा, एक यायचा. 1 जानेवारी 1983 ला अर्पानेट हे जुनं जाळं नव्या पद्धतीवर गेलं आणि एकाच आकड्यावर येणं-जाणं दोन्ही भागू लागलं. जोडीतले सम आकडे मग मोकळे पडले. विधुर म्हणा हवं तर.

त्याच 1983 च्या मे महिन्यात पोस्टेलनं काही बारक्या-बारक्या सेवांची टिपणं लिहिली, ती मी अजूनही अधूनमधून काढून वाचते. 7 वर जे बोलाल ते तो जसंच्या तसं परत बोलतो. 13 दिवस आणि वेळ सांगतो. चंदीगढानं जो आकडा टाळला तो इथं कॅलेंडर घेऊन बसला आहे. 17 वर गेलात तर तो एक सुविचार वाचून दाखवतो आणि दार लावून घेतो, शाळेच्या फळ्यावर कोपऱ्यात लिहिलेला असतो तसा. 19 असंबद्ध अक्षरं बडबडत राहतो. मला सगळ्यात प्रिय आहे 9. त्याचं काम एवढंच, की जे येईल ते सगळं ऐकून घ्यायचं आणि टाकून द्यायचं. उत्तर नाही, तक्रार नाही. अशी एक आत्या प्रत्येक घराला हवी. 1996 मध्ये कुणीतरी खोडसाळपणानं 7 ची आणि 19 ची गाठ घालून देता येते हे दाखवून दिलं. एक बडबडणार, दुसरा तेच परत बोलणार, त्यावर पहिला पुन्हा बडबडणार. दोन्ही यंत्रं दमून बसेपर्यंत. तेव्हापासून या साध्याभोळ्या खिडक्या बहुतेकांनी कायमच्या बंद करून टाकल्या.

पोर्टाला दार म्हणायची आमच्यात पद्धत आहे. मराठीत कुणी समजावून सांगायला लागलं की लगेच गडाचा दरवाजा येतो, दिंडी येते, संध्याकाळी दार बंद झाल्यावर कडा उतरून गेलेली हिरकणी येते. मला ती उपमा पटत नाही. गडाचा दरवाजा गड ओस पडला तरी उभा राहतो. पोर्ट तसा नाही. आकड्यामागं एखादी आज्ञावली कान देऊन बसलेली असेल तर तो पोर्ट आहे, ती उठून गेली की तिथं भिंतही नाही आणि भोकही नाही. आमच्या भाषेत विचारतात, "22 वर कोण ऐकतंय?" उघडा म्हणजे ऐकत असलेला. दुसरा अर्थच नाही.

हे ऐकणं मला अण्णांनी फार आधी शिकवलं होतं, फक्त तेव्हा ते वेगळ्या कामाचं होतं. त्यांनी नोकरीच्या सुरुवातीला प्लग-बोर्डवर काम केलं होतं. लाकडी पेटी, तिच्यावर भोकांच्या रांगा, प्रत्येक भोकाला नंबर आणि वर पत्र्याची बारकी झडप. पलीकडून कुणी दांडी फिरवली की त्या नंबरची झडप टपकन खाली पडायची. मग कॉर्ड घालायची, नंबर विचारायचा, दुसरी कॉर्ड दुसऱ्या भोकात, घंटा, आणि "बात कीजिए" म्हणून आपण बाजूला व्हायचं. मी लहानपणी त्यांना अप्रूपानं विचारायचे, "अण्णा, तुम्ही जनरलसाहेबांचं बोलणं ऐकलंय?" ते म्हणायचे, "ऐकायची ती घंटी. बोलणं आपलं न्हवं." एवढ्या वर्षांत एक्सचेंजवरची एक गोष्ट त्यांनी घरी सांगितली नाही. आईनं खोदून विचारलं तरी नाही. आईचा यावर कायम राग होता. दुसऱ्यांचे नवरे निदान बदल्यांच्या बातम्या तरी आणतात, म्हणायची.

बोलणं आपलं नव्हे, हे मात्र सगळ्याच मधल्या माणसांना कळत नाही. 23 नंबरची जुनी सेवा टेलनेट. तिच्यावरून दूरच्या यंत्राशी बोलता येतं, पण सगळं उघड्यावर. नाव, पासवर्ड, सगळं वाटेतल्या कुणालाही वाचता यावं असं. हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात 1995 मध्ये कुणीतरी वाटेत बसून असे पासवर्ड गोळा केले. तिथल्या तातू युलोनेन नावाच्या तरुणानं वैतागून बंद पाकिटातून बोलायची पद्धत लिहून काढली आणि तिच्यासाठी तो आकडा शोधायला लागला. फायलींचा 21, टेलनेटचा 23, दोघांच्या मधला 22 मोकळा होता, तोच 1983 चा उरलेला सम आकडा. मधे बसलो तर लोक घरचा समजतील असा त्याचा हिशेब. जुलैत त्यानं पत्र लिहिलं, दुसऱ्या दिवशी जॉइस रेनल्ड्सचं उत्तर आलं, आकडा तुझा. त्यानंतर महिनाभरानं, 15 ऑगस्ट 1995 ला, आपल्याकडं व्हीएसएनएलनं सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू केलं. त्याच तारखेला पंचकुला वेगळा जिल्हा झाला. या तीन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, पण मी त्या तिन्ही एकाच पानावर लिहून ठेवल्या आहेत.

23 अजूनही मेला नाही, हे वाईट. 2016 मध्ये मिराई नावाचा एक किडा जगभर फिरला. घराघरांत भिंतीवर लावलेले कॅमेरे, कोपऱ्यात पडलेले राउटर, त्यांच्यात 23 वर कुणीतरी ऐकत बसलेलं असायचं आणि मालकाला त्याचा पत्ताही नसायचा. किड्याकडं कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांची यादी होती. तेवढ्यावर त्यानं लाखो यंत्रं ताब्यात घेतली. दार उघडं राहिलं म्हणून आपण हळहळतो. खरं तर आत एक माणूस बसवून आपण त्याला विसरून गेलो होतो.

माझ्या हातूनही चुका झाल्या आहेत, आणि त्यातली एक तर बाईचीच. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर मी फायरवॉलचे नियम घालत होते. सर्व्हर नागपूरला, मी पुण्यात, मध्ये 22 नंबरची तीच वाट. नको असलेलं सगळं बंद करत करत मी एक ओळ आधी लिहायची ती नंतर लिहायला ठेवली आणि बटण दाबलं. पडदा गोठला. ज्या फांदीवर बसले होते तीच कापली होती. बाईनं बाई बंद केली. रात्रीचे दोन. नागपूरच्या माणसाला उठवून सर्व्हरपाशी पाठवलं. तिथून त्याचा फोन, "मॅडम, इथं तं कीबोर्डच नाही आहे." मग कीबोर्ड शोधला, पडदा शोधला, तो लावायची वायर दुसऱ्याच मजल्यावर निघाली. पहाटे साडेपाचला त्यानं माझ्यासाठी दार उघडलं आणि शांतपणे विचारलं, "पन तुम्ही हे बंद काहून केलं होतं?" मी त्याला काहीतरी तांत्रिक सांगितलं. त्यानं ते 9 नंबरसारखं ऐकून घेतलं.

नेटवर्कमध्ये संभाषण सुरू व्हायच्या आधी तीन वाक्यं होतात. ऐकू येतंय का? येतंय, तुला? मलाही येतंय. एवढं झाल्याशिवाय कामाचा एकही शब्द पुढं जात नाही. हे मला पहिल्यांदा वर्गात शिकवलं तेव्हा मी वहीत लिहूनही घेतलं नाही. आमच्या घरी हे दहा महिने चाललं होतं.

13 डिसेंबर 2001 ला संसदेवर हल्ला झाला. काही दिवसांत सगळं सैन्य पश्चिम सीमेवर सरकलं. त्या मोहिमेला ऑपरेशन पराक्रम म्हणतात. अण्णांची पलटणही एका रात्रीत गेली. कुठं, ते विचारायचं नसतं. आम्ही क्वार्टरमध्येच राहिलो. मागं थोडी माणसं ठेवतात, तिला रिअर पार्टी म्हणतात. तिच्या खोलीत एक सैन्याचा फोन होता. संध्याकाळी बायका तिथं जमायच्या. कुणाचा लागेल सांगता यायचं नाही. अण्णांचा लागला की आई रिसीव्हर दोन्ही हातांनी धरायची. "ऐकू येतंय का?" "येतंय, तुम्हाला?" "येतंय." विहिरीतून यावा तसा आवाज. तीन मिनिटांतलं एक मिनिट यातच जायचं. दुसऱ्या बायका तिला सांगायच्या, कामाचं बोल आधी. पण ही तीन वाक्यं सोडून आईला कधी दुसरं काही विचारायचं असेल असं मला आता वाटत नाही.

मे महिन्यात फोन थांबले. एक आठवडा, दोन, चार. आम्ही रोज जायचो.

एखाद्या पोर्टला हाक मारली तर तीन तऱ्हेची उत्तरं येऊ शकतात. पहिलं, आहे, बोला. दुसरं, या आकड्यावर कुणी नाही. हेही उत्तरच आहे, चटकन येतं, दार लावल्याचा आवाज ऐकू येतो आणि आपण दुसरीकडं जायला मोकळे होतो. तिसऱ्यात काहीच येत नाही. मधल्या फायरवॉलनं तुमची हाक गिळून टाकलेली असते. पलीकडं यंत्र आहे की नाही, जिवंत आहे की नाही, ऐकून गप्प आहे की ऐकूच गेलं नाही, काही म्हणता काही कळत नाही. आमच्या क्षेत्रात हा तिसरा प्रकार सुरक्षित मानतात. चोराला काहीच कळू द्यायचं नाही, हे बरोबरच आहे. तरी माझ्या हातात निर्णय असतो तेव्हा आतल्या जाळ्यात मी दुसरा प्रकार ठेवते. सरळ नाही म्हणावं. एकदा एका नव्या मुलानं कारण विचारलं तेव्हा मी त्याला वेळ वाचतो म्हणून सांगितलं. तेही खोटं नाही. गप्प पोर्टासमोर यंत्र बराच वेळ ताटकळतं, पुन्हा पुन्हा हाक मारतं, प्रत्येक वेळी आधीच्या दुप्पट थांबून.

जूनमध्ये फोन आला. आईनं तीन वाक्यं विचारली आणि मग रिसीव्हर माझ्याकडं दिला. अण्णा म्हणाले, लाईन नव्हती. एवढंच.

नोव्हेंबरच्या थंडीत ते परत आले, रात्री. आमच्याकडं एक ठरलेलं होतं. अण्णांची रात्रपाळी असायची तेव्हा आई दहानंतर कुणालाही दार उघडायची नाही. अण्णा दोनदा टकटक करायचे, मध्ये थांबायचे, मग एकदा. बेल असूनही. नेटवर्कमध्ये याला पोर्ट नॉकिंग म्हणतात. 22 बंद असतो, हाक मारली तर उत्तर नाही. पण ठरलेल्या तीन-चार बंद आकड्यांवर ठरलेल्या क्रमानं टकटक केली, की आतलं यंत्र, जे आतापर्यंत मुकं होतं, ते त्या एका पाहुण्यासाठी वाट उघडतं. दार बंद, कान उघडा. त्या रात्री दोन टकटक झाल्या, थांबणं झालं, मग एक. मी उठून बसले. आई जागीच होती, पण उठली नाही. तिनं मला हातानं थांबवलं. ती टकटक पुन्हा पहिल्यापासून झाली, आणि मग ती दाराकडं गेली.

मागच्या हिवाळ्यात कामानिमित्त मोहालीला गेले होते. एक दिवस मोकळा मिळाला तो चंडीमंदिरला घालवला. आधी देवीला जाऊन आले; तिथं कुणी काही विचारत नाही. छावणीच्या फाटकावर मात्र पोरसवदा संत्री उभा होता. लहानपणी रात्री तिथून "थम! कौन आता है?" ऐकू यायचं, तेव्हा मी पांघरुणात पाय आखडून घ्यायचे. याचं दिवसाचं विचारणं साधं होतं. "मैडम, पास?" माझ्याकडं पास नव्हता. इथं राहायचो, वडील सिग्नलमध्ये होते, असं मी सांगून बघितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बिना पास के नहीं हो पाएगा, मैडम." मला बरं वाटलं. फाटकाच्या पलीकडं नीलगिरीची झाडं होती तशीच होती, की दुसरी होती, ते दिसलं नाही.

रस्त्यावर येऊन अण्णांना फोन लावला. एवढी वर्षं कानाला हेडफोन लावून काम केलं, आता डावा कान गेला आहे आणि उजवाही जायच्या वाटेवर आहे. "ऐकू येतंय का अण्णा?" तीनदा विचारलं. चौथ्यांदा ते म्हणाले, "येतंय, तुला?" मी म्हटलं, चंडीमंदिरला आहे, फाटकावर. "कुठल्या?" मी नंबर सांगितला. "तितनं न्हाई सोडायचा," ते म्हणाले, "पल्याडच्या गेटावर जा." पल्याडच्या गेटावर तरी कोण सोडणार होतं? पण मी हो म्हटलं. मागून आईचा आवाज आला, तिला विचारा जेवली का.

कालक्याकडून बस आली. दारात कुणी लोंबकळत नव्हतं, हाकाही नव्हत्या. कंडक्टर आत बसून यंत्रातून तिकिटं काढत होता. पाटी नीट वाचता येईना म्हणून मी दारात एक पाय ठेवून विचारलं, "सातारा?" अगदी आपल्या उच्चारात, शेवटचा अनुनासिक गिळून.

त्यानं मान वर न करता म्हटलं, "हांजी, बैठो."